नाडीचा वळ

आमच्या झोपायच्या खोलीतली पलंगासमोरची भिंत १८ वर्षं कपाटामागे होती. २०२४ च्या दिवाळीआधी रंगकाम काढलं, लेक नोकरीसाठी बंगळूरला गेलेली असल्यामुळे ते कपाट तिच्या खोलीत सरकवलं, आणि साडेनऊ फुटांची कोरी भिंत समोर आली. रंगारी गेले त्या रात्री आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसून तिच्याकडे बघत होतो. नवरा म्हणाला, "इथे काहीतरी लावू या. देव नको, डोंगर-नदी नको. आपलं काहीतरी." मी म्हटलं, "बाईचं चित्र लावू. कपड्यांशिवायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. हे माझ्या तोंडून येईल असं त्याला वाटलं नव्हतं. मलाही बोलून झाल्यावरच कळलं, की हे बरेच दिवस मनात घोळत होतं. मी ४८ वर्षांची आहे. पोटावर सिझेरियनचा व्रण आहे, पित्ताशय काढलं तेव्हाच्या टाक्यांच्या खुणा आहेत, पाळी जायच्या वाटेवर कंबर रुंदावली आहे. गेली दोन-तीन वर्षं मी साडी बदलताना आरशाकडे पाठ करते. रात्री दिवा मालवायची घाई माझीच असते. नवऱ्याने कधी एका शब्दाने दुखावलं नाही, पण तो काही बोलत नाही याचाही अर्थ मी माझ्या मनाने लावत होते. म्हणून वाटत होतं, की या खोलीत बाईचं अंग निवांत असलेलं रोज नजरेला पडावं. त्याच्याही आणि माझ्याही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, मोबाइलवर शोधलं. रात्री जेवणं आटोपली की दोघं शेजारी बसून चित्रं बघायचो. एका रात्री आम्ही मोजली: ४० चित्रांपैकी २६ बायकांना चेहराच नव्हता. मानेपासून मांडीपर्यंतचा तुकडा, पांढऱ्यावर एका काळ्या रेघेत काढलेला, सगळ्या विशीतल्या, सगळ्या सारख्याच सडपातळ. ज्यांना चेहरा होता त्या बहुतेक आपल्याकडेच बघत होत्या. नवऱ्याला त्यातलं एक आवडलं. लाल कोचावर पाठमोरी बसलेली, खांद्यावरून मागे वळून बघणारी. मी नाही म्हटलं. का, ते मला सांगता येईना. "मग तुला काय हवंय ते मला कळायचं कसं?" असं तो जरा वैतागून म्हणाला, आणि तीन दिवस तो विषय आमच्यात निघाला नाही.

चौथ्या दिवशी मीच विचारलं, "त्यात तुला नेमकं काय आवडलं, ते सांग." तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "खांद्यावर उजेड कसा पडलाय ते." मग मलाही माझं सांगता आलं. ती बाई सबंध वेळ बघणाऱ्याची वाट बघते आहे. तिच्या डोळ्यांत 'मी बरी दिसते ना?' हाच प्रश्न आहे. तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारते, भिंतीवर आणखी एकीने विचारायला नको. उजेड आवडणं आणि ती नजर नको असणं, या दोन गोष्टी एका चित्रात बसू शकतात हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. पुढचं सगळं बोलणं याच धाग्यावर चाललं.

मधे एका फर्निचरच्या दुकानातही जाऊन आलो. कॅनव्हासवर छापलेली चित्रं होती, ब्रशचे फटकारेसुद्धा छापलेले. विक्रेता म्हणाला, "नवरा-बायकोच्या रूमला हेच जातं." आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात पेपरात एक बातमी आली. कस्टम्सने चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या परदेशातून आणलेल्या ७ कलाकृती अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नग्न चित्र म्हटलं की ते अश्लीलच, हे गृहीत धरता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मी ती बातमी दोनदा वाचली आणि कात्रण काढून ठेवलं. त्यावरून मागे मागे जात १९५४ सालापर्यंत पोहोचले. तेव्हा याच पदमसींनी जहांगीर आर्ट गॅलरीत आपली चित्रं मांडली होती. त्यातली प्रेमी युगुलाची दोन चित्रं उतरवा, असं पोलिसांनी सांगितलं. त्यांनी नकार दिला, खटला उभा राहिला आणि तो ते जिंकले. सरकार वरच्या कोर्टात गेलं, तिथेही चित्रकाराच्याच बाजूने निकाल लागला. आक्षेप कशाला होता, तर पुरुषाचा हात बाईच्या स्तनावर आहे याला. उमा-महेश्वराच्या कितीतरी मूर्तींत महेशाचा हात तसाच असतो आणि लोक त्यांना हळदकुंकू वाहतात. हे मी नवऱ्याला म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "कायद्याचं झालं. आपल्याला रोज त्याच्यासमोर झोपायचंय, त्याचं काय?" ते खरंच होतं. माझ्या मनातली 'आई काय म्हणतील, कामवाल्या ताई काय म्हणतील' ही भीती त्या बातमीने अर्धी कमी केली, पण चित्र कोणतं हा प्रश्न होता तिथेच राहिला.

भाऊबीजेला माहेरी जयसिंगपूरला गेले. दुसऱ्या दिवशी भावाला म्हटलं, मला खिद्रापूरला सोड. लहानपणी कोपेश्वराला कितीदा गेले असेन. तेव्हा आमचं लक्ष फक्त देवळाच्या खालच्या थरातल्या हत्तींकडे आणि स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताकडे. भिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे दगडात कोरलेल्या बायका, मी पहिल्यांदाच नीट पाहिल्या, वयाच्या ४८ व्या वर्षी. बऱ्याच जणींचे चेहरे फुटलेले आहेत, हात तुटलेले आहेत. उन्हं तिरपी झाली तसा काळा दगड एकेका जागी उजळायला लागला, आणि मी एकीसमोर अर्धा तास उभी राहिले.

आपल्याकडच्या देवळांवरच्या या बायकांची नावंच बघा. हातात आरसा धरलेली दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखिका, पोपटाशी बोलणारी शुकसारिका, पायात पैंजण घालणारी नूपुरपादिका. कुणी तळव्यातला काटा काढते आहे, कुणी हात डोक्यावर ताणून आळस देते आहे. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र नावापुरतं. पण जिची तिची गढलेली आहे ती आपापल्या कामात. मी तिथे उभी असले काय आणि नसले काय, तिचं चाललंय ते चालूच राहणार. ८०० वर्षं लोक तिच्याकडे बघतायत आणि ती आपल्या पैंजणात गुंतलेली. लाल कोचावरच्या बाईत मला काय खटकलं होतं त्याचं उत्तर तिथे मिळालं. मी देवळाच्या आवारातूनच नवऱ्याला फोन केला. म्हटलं, "चित्रातल्या बाईला स्वतःचं काहीतरी काम पाहिजे."

त्याला ते लगेच पटलं. "मग अशी दगडाचीच छोटी मूर्ती घडवून घेऊ का?" असं त्याने विचारलं. मलाही क्षणभर मोह झाला. पण त्या सगळ्या जणींचं अंग एका मापात घडवलेलं आहे. शिल्पशास्त्राचं माप ते, त्यात सौंदर्य आहेच. पुत्रवल्लभेच्या कडेवर मूल असतं, तरी कंबर तीच, पोट तेच. बाळंतपण तिच्या अंगावर कुठे दिसत नाही. मला दिसायला हवं होतं.

अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातलं आरशात बघणाऱ्या राणीचं चित्रही आमच्या यादीत होतं. त्याची छापील प्रत मिळाली, पण लेण्यात अंधारातून हळूहळू उमटणारा तो सावळा रंग कागदावर नुसता मातकट झाला होता. ते तिथेच सोडलं.

नवऱ्याने मग चित्रकार अमृता शेर-गिलचं एक चित्र शोधून काढलं. तिच्या पॅरिसच्या दिवसांतलं, झोपलेल्या बहिणीचं. इंदिरा तिरकी पहुडलेली, काळे केस मोकळे पसरलेले. अमृता १९४१ साली गेली. आपल्याकडे कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे तिच्या चित्राची प्रत काढून घरी लावणं यात चोरी नाही, हेही त्याने खात्री करून घेतलं. चांगल्या सुती कागदावर ए-थ्री मापाची नमुना प्रत काढली आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावली. ठरवलं, पंधरा दिवस बघायचं.

हे पंधरा दिवस ठेवून बघणं मी कुणालाही सांगेन. दुकानात किंवा पडद्यावर चित्र दोन मिनिटं दिसतं. खोलीत ते सकाळच्या चहाला दिसतं, ताप आलेला असताना दिसतं, भांडण झालेलं असताना दिसतं. त्या चित्राने मला कधीच अवघडल्यासारखं झालं नाही. उलट बहिणीने बहिणीकडे बघितलेलं असल्यामुळे त्यात एक घरगुती मोकळेपणा आहे, तो जाणवत राहिला. तरी बाराव्या-तेराव्या दिवशी वाटायला लागलं, की कुणीतरी गाढ झोपलंय आणि आपण रोज दिवा लावून तिच्याकडे बघतोय. मी काही बोलले नव्हते. पंधराव्या दिवशी नवऱ्यानेच ते उतरवलं. म्हणाला, "हिची झोपमोड होतेय असं वाटतं." त्या दिवशी मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

यानंतर आमचा शोध मूळ चित्राकडे वळला. छापील प्रत नको, हाताने काढलेलं काहीतरी हवं, मग लहान असलं तरी चालेल. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीतून एका चित्रकार बाईंकडे गेलो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकलेल्या, साठीच्या पुढच्या, डोंबिवलीत वरच्या मजल्यावर उत्तरेची खिडकी असलेल्या खोलीत काम करणाऱ्या. आम्ही त्यांना ताईच म्हणायला लागलो. त्यांनी आधी चित्रं दाखवलीच नाहीत. चहा ठेवला आणि विचारायला लागल्या. "खोलीत कोण कोण येतं? रात्रीचा दिवा कुठल्या बाजूला असतो? दोघांत आधी कोण झोपतं? आंघोळीहून कुणी तिथेच येऊन कपडे घालतं का?" मी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नाला मी थबकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, चित्र तुमच्यासमोर असणार आणि तुम्ही चित्रासमोर. दोघींचं जमलं पाहिजे."

मग मोठा पोर्टफोलिओ उघडून त्यांनी जमिनीवर चटईवर एकेक कागद मांडला. ३० वर्षांतल्या लाइफ क्लासमधल्या, म्हणजे समोर मॉडेल बसवून रेखाटायच्या वर्गातल्या, आणि घरच्या बैठकींतल्या न्यूड स्टडीज. बहुतेक चारकोलमधल्या, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेल्या, काही तपकिरी कॉन्टे खडूच्या. उभ्या, बसलेल्या, कूस वळवून पडलेल्या बायका. दंडावर देवीचे डाग असलेल्या, पोट सुटलेल्या, म्हाताऱ्या, एक सात-आठ महिन्यांची गरोदर. बोलता बोलता त्या आरांबद्दल सांगत होत्या. कृष्णाजी हौलाजी आरा, मुंबईत घरगडी म्हणून आणि गाड्या पुसून पोट भरलेला माणूस, पुढे आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधला मोठा चित्रकार. नग्न स्त्री हा विषय त्यांनी इतक्या सातत्याने घेतला, की त्याआधी इथल्या आधुनिक चित्रकारांत तसं कुणी केलं नव्हतं. "पण मॉडेलचं नाव कुठल्याही कॅटलॉगात नसतं," असं म्हणून ताई थांबल्या.

मी तोच प्रश्न घेऊन गेले होते. या बायका कोण, त्यांना पैसे किती मिळतात, आपलं चित्र कुणाच्या घरात जातंय हे त्यांना माहीत असतं का? हे कळल्याशिवाय मला कुणाचंही उघडं अंग माझ्या भिंतीवर लावायचं नव्हतं. ताईंना माझं विचारणं आवडलं. त्यांच्याकडे गेली २० वर्षं एकच मावशी बसतात. २० मिनिटं बैठक, मग पाय मोकळे करायला विश्रांती, असं दोन-अडीच तास. कला महाविद्यालयांत मॉडेलचं मानधन कायम तुटपुंजं राहिलं, म्हणून ताई बैठकीचे वेगळे पैसे देतात, आणि चित्र विकलं गेलं तर त्यातलाही वाटा देतात. कुठलं विकायचं नाही हे मावशी सांगू शकतात. त्यांची एकच अट, चेहरा ओळखू यायला नको. त्या हे काम करतात हे घरी ठाऊक नाही.

ताईंनी आम्हाला सांगितलं, एकमेकांशी न बोलता दोघांनी तीन-तीन निवडा. माझ्या तिनांत एक चित्र असं होतं, की ते बघितल्यावर बाकीची दोन मी उगाच आकडा भरायला घेतली.

१५ बाय २२ इंचांचा कागद. पाठमोरी बसलेली चाळिशीतली बाई, स्टूलवर, जरा पुढे झुकून. दोन्ही कोपर वर, हात मानेमागे, ती केसांचा अंबाडा घालते आहे. एक बट हातातून निसटून खाली आलेली. केसांना दाट काळा चारकोल दाबून भरलेला, पाठीला मात्र काही लावलेलंच नाही. कोरा कागद सोडलाय आणि कडेने बोटाने पुसलेली राखी सावली फिरवलीय, त्यातूनच ती पाठ भरून येते. हात वर घेतल्यामुळे काखेखालून कमरेपर्यंत मांसाची एक घडी पडली आहे, ती लपवलेली नाही. आणि कमरेवर आडवा, परकराच्या नाडीचा वळ. दोन बारीक रेघा, मधे नाडीच्या पिळाचे खड्डे, आणि डाव्या बाजूला गाठ जिथे रुतते तिथे बोटाच्या पेराएवढा काळसर डाग. काळ्या रेघेलगत पुट्टी रबराला, म्हणजे मळता येणाऱ्या खोडरबराला, टोक काढून उचललेली एक पांढरी रेघ आहे, त्यामुळे वळ कातडीत रुतलेला दिसतो, वर काढल्यासारखा दिसत नाही. ताई म्हणाल्या, "त्या दिवशी मावशी घाईत आल्या. नाहीतर बैठकीआधी तासभर नाडी सैल ठेवतात, वळ जावेत म्हणून. मीच म्हटलं, राहू द्या."

तो वळ माझ्या कमरेवर ३० वर्षं आहे. तो डागही. त्याला मी लिंबू लावलं आहे, बेसन लावलं आहे, मलमं लावली आहेत. साडी नेसणाऱ्या किती बायकांच्या अंगावर तो असेल, आणि इतक्या बायकांची चित्रं पाहून तो मला पहिल्यांदाच चित्रात दिसत होता. माझे डोळे भरून आले.

नवऱ्याच्या तिनांत ते नव्हतं. मला वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं असणार. ताईंनी त्याला विचारलं, "हे का नाही घेतलंत?" तो ते चित्र हातात न घेता नुसतं खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "अहो, ही पाठ मी रोज बघतो. ओळखीची वाटली म्हणून पुढे गेलो." मग माझ्याकडे वळून, "तू सकाळी अशीच बसतेस ना, पलंगाच्या त्या कोपऱ्यावर."

मला वाटत होतं मी पाठ करून बसते म्हणजे त्याला काही दिसत नाही.

चित्राचे २२,००० रुपये झाले, ते आम्ही दोन हप्त्यांत दिले. ताईंनी कागदाच्या मागे पेन्सिलीने सही आणि तारीख घातली, पावती दिली, आणि दोनदा बजावलं, "चारकोल आहे. तो धरून ठेवायला फिक्सेटिव्हचा फवारा मारलाय, तरी काचेला टेकू द्यायचं नाही. आणि अॅक्रिलिक नको, काचच लावा."

यातलं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही, आणि फ्रेमवाल्याला मी ते नीट लिहून दिलं नाही. त्याने वजन कमी व्हावं म्हणून अॅक्रिलिक शीट, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, लावली, चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, म्हणजे माउंटही लावला नाही. घरी आणून पुसायला कोरडं फडकं फिरवलं आणि बघते तर शीटच्या आतल्या बाजूला केसांच्या जागी काळी भुकटी चिकटलेली. अॅक्रिलिकवर घासलं की स्थिर वीज तयार होते, ती कागदावरचा सुटा चारकोल ओढून घेते. मला धडधडायला लागलं. तसंच उलटं न करता, आडवं धरून, रिक्षाने डोंबिवलीला नेलं. ताईंनी शांतपणे फ्रेम उघडली. वळाला काही झालं नव्हतं. अंबाड्याचा काळेपणा थोडा उतरला होता, तो त्यांनी भरला नाही. म्हणाल्या, "आता आहे तेच राहू दे. त्या दिवसाचा हात आज येणार नाही."

दुसरी फ्रेम त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून करून घेतली. आम्ल नसलेला माउंट बोर्ड, तोही दुहेरी, म्हणजे काच आणि कागद यांत मोकळी जागा राहते. साधी सागवानी चौकट, मागे एमडीएफ, म्हणजे लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड, नाही, कारण ठाण्याच्या पावसात ते फुगतं. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. कागदाला बुरशी लागते ती बहुतेक वेळा मागून लागते.

कुठे किती उंचीवर लावायचं यासाठी चौकटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मास्किंग टेपने चार दिवस भिंतीवर हलवत राहिलो. गॅलऱ्यांमध्ये चित्राचा मध्य साधारण १४५ सेंटिमीटरवर धरतात, पण ते उभं राहून बघणाऱ्यांसाठी. आम्ही बसून, आडवं होऊन बघणार. कागद खाली खाली येत १२५ वर स्थिरावला. पिवळसर उजेडाचा एक छोटा दिवा बाजूने टाकला. समोरून टाकला की काचेत आपलंच तोंड दिसतं.

संक्रांतीला सासूबाई मिरजेहून आल्या. त्या यायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "महिनाभर पडदा टाकू या का त्याच्यावर?" मी नको म्हटलं. झाकलं, तर आम्ही काहीतरी लपवण्यासारखं केलं असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. आई दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घेऊन खोलीत आल्या, चित्राकडे बघितलं, घड्या ठेवल्या आणि गेल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "त्या भिंतीच्या पलीकडे देवघर आहे ना गं?" होतं. बाहेरच्या खोलीतलं देवघर त्याच भिंतीला टेकून आहे. बाकी त्या काही बोलल्या नाहीत, चांगलं नाही की वाईट नाही.

मला राग आला. दोन दिवस होता. चित्रातल्या बाईत विटाळण्यासारखं काय आहे, असं विचारायचं होतं. पण त्या ७९ वर्षांच्या आहेत, रोज पहाटे तिथे बसून तासभर पोथी वाचतात, आणि चित्र काढा असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. भिंतीपलीकडची त्यांची जागाही त्यांच्या मनासारखी असायला हवी. आम्ही चित्र लेकीच्या खोलीकडच्या अरुंद भिंतीवर हलवलं, माझ्या बाजूला, पलंगापासून दोन हातांवर. इतक्या जवळून चारकोलचा एकेक कण दिसतो, कागदाच्या खडबडीतपणात कुठे अडकलाय, कुठे नुसता घसरून गेलाय. साडेनऊ फुटांची भिंत अजून कोरी आहे.

पहिला पावसाळा गेला. जुलै-ऑगस्टमध्ये दर रविवारी मी माउंटचे कोपरे विजेरीने बघत होते, एकही ठिपका आला नाही. सकाळी मी अजून त्याच कोपऱ्यावर बसून केस बांधते. दिवा लगेच मालवत नाही.

गणपतीनंतर ताईंचा फोन आला. चित्र कसं लागलंय ते मावशींना बघायचं आहे, फोटो पाठवाल का, म्हणून. चेहरा नसला तरी मी आधी विचारलं, त्यांच्या फोनवर फोटो राहिला तर चालेल का. ताई म्हणाल्या, त्या इथेच बसल्यायत, माझ्या फोनवर बघतील. मी भिंतीचा फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांनी ताईंनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. मागे पंख्याचा आवाज, आणि मावशी कौतुकाने ताईंना सांगत होत्या, "खोली छान हाय त्यांची. पन बघा की, कानात कुडी तशीच राहिली व्हती माझी. काढायची इसरले मी त्या दिशी."

मी चष्मा लावून चित्राजवळ गेले. निसटलेल्या बटेच्या मागे, उजव्या कानाच्या पाळीवर, सात ठिपके आहेत.